सात किलोंत एक किलो

स्वस्तातल्या विमानाने जाणाऱ्या लोकांबद्दल मला कधी आदर वाटला नाही. त्या दिवशी मी त्यांच्यातलाच एक होतो, तरीही वाटला नाही. पहाटे साडेपाचच्या बसमध्ये माझ्या पुढे बसलेल्या बाईने अंगावर तीन स्वेटर चढवले होते, एकावर एक. शेजारच्या माणसाच्या जाकिटाला किती खिसे आहेत ते मी मोजलं. नऊ होते आणि नऊच्या नऊ टम्म फुगलेले. एका शहाण्याने मानेभोवती घालायच्या उशीतला कापूस काढून तिच्यात मोजे आणि बनियन कोंबले होते आणि त्या ठोकळ्यावर मान टेकून तो सुखाने घोरत होता. हातातली पिशवी सात किलोंच्या आत ठेवायची आणि उरलेला संसार अंगावर घालायचा, एवढी यांची अक्कल. मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. मापात खोट ती खोट, दुकानदाराने केली काय नि गिऱ्हाइकाने केली काय.

माझी पिशवी सहा किलो नऊशे पन्नास ग्रॅम होती. आदल्या दिवशी मी ती घरच्या काट्यावर तीनदा तोलली होती. दोन शर्ट, एक पायजमा, दाढीचं सामान, औषधं, बहिणीसाठी एक लोकरी शाल, आणि तळाशी मखमली डबीत एक किलोचं पितळी वजन. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने मला दिलेलं, शिक्क्यासकट, ग्रॅमचाही फरक नसलेलं.

लेकीने ते बघून कपाळाला हात लावला होता. "बाबा, सात किलोंत एक किलो नुसतं पितळ?"

"त्यांचा काटा खोटा निघाला तर सिद्ध कशाने करू? तोंडाने?"

"तुम्ही आत्याला भेटायला निघालाय. धाड घालायला नाही."

थेट विमानाचं तिकीट काढून देते म्हणून ती आठवडाभर मागे लागली होती. दोन तासांत पोचवणारं विमान होतं, पण दर तिप्पट. हा सरळ दरोडा होता आणि दरोडेखोराला मी माझ्या हाताने दार उघडणार नव्हतो. त्यापेक्षा एक बस, एक स्वस्त विमान, मग मधल्या देशातून सीमेपलीकडे जाणारी दुसरी बस, असं करत मी दुपारी साडेतीनला पोचणार होतो. इस्पितळात भेटायची वेळ सहापर्यंत. इस्पितळापर्यंतचा अर्धा तास वगळून दोन तास मिळत होते. माझा हिशेब चोख होता.

बहिणीच्या गळ्यात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिचं स्वरयंत्र काढणार होते, सगळंच्या सगळं. ऑपरेशननंतर ती जगणार होती, पण बोलणार नव्हती. आणि ही तीच, जिला लहानपणी घरात आम्ही भोंगा म्हणायचो. गल्लीच्या टोकाला उभी राहून तिने हाक मारली की दुसऱ्या टोकाला मी खेळ टाकून निघत असे. तिचा मेसेज आला होता, 'दादा, ऑपरेशनच्या आधी ये. आवाज आहे तोवर तुझ्याशी बोलायचंय. फोनवर नाही, समोर.'

काय बोलणार ते मी ओळखून होतो. अठरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचं आमच्याच गावात किराणा दुकान होतं. मी त्याला शेठ म्हणतो. तोलामोलाचा शेठ तो कधीच नव्हता, म्हणूनच म्हणतो. त्याच्या काट्याची वर्षाची तपासणी चुकली होती. शिक्क्याची मुदत संपून चार दिवस झाले होते. मी काट्याला सील ठोकलं, पंचनामा केला आणि त्याच्याच फळीवर बसून त्याची सही घेतली. नातेवाईक म्हणून सोडला असता तर अख्ख्या बाजाराने माझ्या तोंडात शेण घातलं असतं. दीड महिना दुकान बंद राहिलं, गिऱ्हाईक पांगलं आणि पुढच्या वर्षी दोघं देश सोडून गेली. शेठ आता तिकडे एका गोदामात खोकी उचलतो. बहिणीने त्या विषयावर आजवर एक शब्द काढला नव्हता. आता आवाज जायच्या आधी म्हणणार असेल, दादा, तुझंच बरोबर होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणणार होतो, जाऊ दे, झालं गेलं.

विमानतळ शहरापासून ऐंशी किलोमीटरवर एका माळरानात होता, पण नाव मात्र शहराचं. तिथूनच खोटेपणाला सुरुवात. तपासणीच्या यंत्राने माझी पिशवी पाहिली आणि बाजूला काढली. गणवेशातल्या माणसाने डबी उघडली, वजन हातात घेऊन उलटसुलट केलं.

"हे काय?"

"एक किलो," मी म्हणालो.

"कशाचं?"

"कशाचं नाही. नुसतं एक किलो."

त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी एकाला. तिघांत मिळून एकालाही वजन म्हणजे काय ते कळेना. पंचवीस मिनिटांनी त्यांनी ते कंटाळून परत दिलं. अशा लोकांच्या हाती आपला जीव सोपवून आपण आकाशात जातो.

दरवाजाशी रांग लागली होती. तिथे जमिनीवर एक काटा होता आणि त्यामागे निळा स्कार्फ बांधलेली मुलगी उभी होती. तीन स्वेटरवाली पास झाली. नऊ खिसेवाला पास झाला. उशीवाला तर हसतहसत पास झाला. मी पिशवी ठेवली. काट्याने सात किलो तीनशे दाखवलं.

"काका, तीनशे ग्रॅम जास्त आहे. जादा सामानाची फी भरावी लागेल."

"पिशवी सहा नऊशे पन्नास आहे. काटा खोटा आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांकडे हे नसतं." मी डबी काढली, पिशवी उचलली आणि ते वजन एकटंच काट्यावर ठेवलं. काट्याने एक किलो पन्नास ग्रॅम दाखवलं. खरं सांगतो, निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता. "किलोमागे पन्नास ग्रॅम! शिक्का कुठेय या काट्याचा? शेवटची तपासणी कधी झाली?"

मागच्या रांगेतून कोणीतरी "चला हो" म्हणालं. मुलीने काट्याकडे पाहिलं, वजनाकडे पाहिलं. ती मूर्ख नव्हती, हे मला कबूल करावं लागेल.

"काका, बरोबर असेल तुमचं. पण दार बंद व्हायला बारा मिनिटं आहेत. हे वजन कोटाच्या खिशात टाका आणि पिशवी परत ठेवा. सव्वासहा भरेल. खिशात काय आहे ते आम्ही तोलत नाही."

"म्हणजे मी चोरी करू?"

"चोरी कसली? सगळे करतात."

"सगळे करतात म्हणूनच मी करणार नाही. तक्रारवही आणा."

"वही खाली कचेरीत असते. विमान जाईल."

"जाऊ दे. आधी लिहून द्या की हा काटा खोटा आहे."

तिने रांगेतल्या बाकीच्यांना एका बाजूने आत सोडायला सुरुवात केली. जाताना एकेक जण माझ्याकडे असं बघत होता, जणू मीच त्यांच्या खिशातलं काही काढून घेतलंय. स्वेटरवाली म्हणाली, "अहो, टाका ना खिशात, कशाला अडवणूक करता?" मी खिशातून कागद काढून काट्याचा नंबर टिपून घेत होतो. शेवटचा आकडा लिहिला तेव्हा दार बंद झालं होतं.

विमान काचेपलीकडे दहा मिनिटं तसंच उभं होतं आणि मग गेलं. मी बहिणीला मेसेज केला, 'विमान चुकलं. काट्यात खोट होती, सिद्ध केली. पुढचं बघतो.' उत्तर आलं नाही. रुसली असेल. लहानपणीही तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा.

खालच्या कचेरीत मी तक्रार लिहिली, दोन पानं, कलमांसकट. खिडकीमागच्या माणसाने ती न वाचता एका ट्रेमध्ये टाकली आणि सांगितलं की दुपारचं विमान भरलेलं आहे, उद्या या. उद्या येऊन उपयोग नव्हता. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग काल यायचं." अशा माणसाला खिडकीमागे बसवतात आणि मग वर काच लावतात, ती त्याच्या रक्षणासाठीच असावी.

मी बाकावर बसलो. उद्या सकाळी आठनंतर तिचा आवाज कुठल्याही दराने मिळणार नव्हता, हे त्या बाकावर बसल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं. पण मी बरोबर होतो. तो काटा खोटाच होता.

अकराच्या सुमाराला तोच खिडकीवाला काचेमागून बाहेर आला आणि मला शोधत बाकापर्यंत आला. "एक जागा झालीय. एक दहाचं विमान. पैसे लागणार नाहीत." चेहरा उतरलेला. वाचली तर माझी तक्रार, मी मनात म्हणालो. कलमं घातली की भले भले सरळ येतात. बक्षीस म्हणून या वेळी माझी पिशवी कोणी तोललीसुद्धा नाही, याचा मात्र मला थोडा राग आला.

विमानात पाण्याची बाटली विकत होते. खुर्चीची पाठ मागे जात नव्हती. शेजारचा इसम सारखा माझ्या कोपरावर कोपर ठेवत होता आणि मी सारखा ते काढत होतो. पावणेतीनला उतरलो. बस सव्वातीनची होती आणि बसस्थानकाची वाट दाखवणाऱ्या पाट्या तीन वेगवेगळ्या दिशांना होत्या. धापा टाकत मी पोचलो तेव्हा तीन सव्वीस झाले होते. बस उभीच होती.

ड्रायव्हर दारात उभा होता. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आलात एकदाचे. बसा."

अकरा मिनिटं उशीर, आणि याला त्याचं सोयरसुतक नाही. स्वस्त बसला वेळापत्रक म्हणजे भिंतीवरचं चित्र. माझ्या फायद्याचंच होतं, पण ढिसाळपणा तो ढिसाळपणाच. सीमेवर सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं केलं. अधिकाऱ्याने मला विचारलं, कुठे? बहिणीकडे. किती दिवस? दोन. पिशवीत काय? एक किलो. त्याने शिक्का मारला. शिक्का मात्र ताजा होता, शाई ओली.

सात वीसला उतरलो. इस्पितळापाशी पोचायला पावणेआठ. भेटायची वेळ टळून पावणेदोन तास झाले होते. गेटवरच्या पहारेकऱ्याला काय सांगायचं याची मी वाटेत तयारी केली होती, दोन-तीन कायदेही आठवून ठेवले होते. त्याने फक्त मान हलवली. "तिसऱ्या मजल्यावर ना? जा." ना ओळखपत्र, ना नोंद. कोणीही यावं नि कोणीही जावं, अशी ही इस्पितळं.

आतल्या दाराशी शेठ उभा होता. अंगावर गोदामाचा गणवेश, पायांत दोन रंगांचे मोजे. पाठीला बाक आला होता. मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी काहीतरी लागट बोलेल. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"जिन्याने जाऊ, दादा. लिफ्ट या वेळेला बंद असते."

"भोंगा कशी आहे?" मी विचारलं.

तो दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "तीन दिवस एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, गप्प राहिलात तर शेवटी तासभर नीट आवाज येईल. म्हणून सगळं वहीत लिहायची. तो तास तुमच्यासाठी ठेवला होता."

"मग आहे ना अजून वेळ. सकाळपर्यंत आहे."

"पावणेदहाला तुमचा मेसेज आला. मी कामावर होतो. मला कळवलं असतं तर मी केले असते फोन. तिनं स्वतःच केले." तो पुन्हा चढू लागला. मी त्याच्या मागे. "विमानवाल्यांचं ते मशीन असतं ना, नाव बोला म्हणणारं? त्याला तिचा आवाज कळेना. पुन्हा बोला, पुन्हा बोला. ती पुन्हा ओरडायची. तासभर चाललं. मग माणूस आला, त्याच्याशी भांडून जागा मिळवली. मग बसवाल्यांना लावला, दहा मिनिटं थांबा म्हणून. मग इथल्या मोठ्या सिस्टरला, रात्री सोडा म्हणून, आणि गेटवर. मी दीडला आलो तेव्हा..." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता काही नाही. आवाज सकाळपर्यंत उरला नाही, दादा."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, की तू तिला थांबवायला हवं होतंस. मी कठडा धरून पायऱ्या चढत राहिलो.

ती खाटेवर बसली होती. वाळली होती. गळ्याला पांढरा रुमाल. मला पाहून तिने हात वर केला आणि मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत सुटलो. काटा किलोमागे पन्नास ग्रॅम खोटा होता, मी सगळ्यांसमोर सिद्ध केलं, दोन पानं तक्रार दिली. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. तिने हात पुढे केला. मी डबी दिली. तिने वजन काढून तळहातावर तोललं, बराच वेळ, मग वहीशेजारी ठेवून दिलं आणि पेन्सिल घेतली.

'माझ्या हातालाही एक किलोच वाटतं,' तिने लिहिलं. मग खाली, 'तुला शिव्या द्यायला बोलावलं होतं.'

मी खाटेच्या कडेला बसलो आणि ते दोनदा वाचलं.

'मोठ्यानं. सगळ्या मजल्याला ऐकू जातील अशा. अठरा वर्षं जपून ठेवल्या होत्या. आणि आवाज तुझ्याच विमानात गेला.'

तिने तोंड उघडून दाखवलं. मान ताणली, कपाळावरची शीर फुगली, आणि आली ती नुसती हवा. मग ती हसली का रडली ते मला कळलं नाही, कारण दोन्हींचा आवाज आता सारखाच होता. शेठ दारात पिशवी धरून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

"लिही," मी म्हणालो. "मी वाचतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. 'मोठ्यानं?'

"मोठ्यानं."

तिने पान उलटलं आणि लिहायला लागली. पेन्सिल कागदात रुतत होती. एकेक ओळ पुरी झाली की ती वही माझ्याकडे वळवायची.

"'दादा, तू गाढव आहेस,'" मी वाचलं. तिने तळहात वर उचलला. आणखी मोठ्यानं. "'दादा, तू गाढव आहेस! कोडगा आहेस. तुला माणूस दिसत नाही, काटा दिसतो.'"

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

"'काट्याची मुदत संपून चार दिवस झाले म्हणून तू सील लावलंस. ते चार दिवस आम्ही कुठे होतो? तुझ्या घरी होतो. तुझ्या लेकीचं लग्न होतं.'" ती पुढचं लिहीतच होती. वही वळली. "'ह्यांनी तुझ्या पाहुण्यांच्या गाद्या वाहिल्या. काट्यावर शिक्का मारून आणतो म्हणून हे दोनदा निघाले होते. तू म्हणालास, राहू द्या हो, कचेरी कुठे पळून जात नाही, मीच तर आहे तिथे.'"

शब्द हेच होते. मी ते विसरलो होतो, असं म्हणायची सोय नाही. सील ठोकताना ते माझ्या डोक्यात होते. पंचनामा लिहिताना होते. शेठ तेव्हाही काही बोलला नव्हता. सही कुठे करायची, एवढंच त्याने विचारलं होतं. त्याच्या गप्प बसण्याला मी अठरा वर्षं गुन्ह्याची कबुली समजत आलो, आणि त्यावर माझी मान ताठ ठेवली. मला माझी किळस आली.

"पुढे?" मी म्हणालो.

'पुढे काय,' तिने लिहिलं, 'आज काट्यापाशी कोणीतरी खिशात टाक म्हटलं असेल. टाकलं नसशील.'

"तुला कोणी सांगितलं?"

तिने त्या पितळी वजनाकडे बोट केलं.

सिस्टर धावत आली. "आजोबा, हा वॉर्ड आहे! लोक झोपायला लागलेत. आवाज बंद करा."

बहिणीने सिस्टरकडे पाहून हात जोडले, मग एक बोट वर केलं, एकदाच म्हणून. सिस्टरने तिच्या गळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जाऊन मधलं दार लावून घेतलं. बहिणीने वहीची पानं मागे उलटली, मी ज्या पानावर गाढव होतो तिथे, आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'कमी पडलं. ह्यांना दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.'

शेठ म्हणाला, "जाऊ दे ना आता."

"तुम्ही थांबा तिथंच," मी त्याला म्हणालो. अठरा वर्षांत त्याला अहो-जाहो केल्याचं मला आठवत नव्हतं. मग मी खाटेवरून उठून उभा राहिलो, गल्लीच्या टोकाला ती उभी राहायची तसा, आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.